हिरडीची बायोप्सी पुन्हा करायची? हो, पण या वेळी दोन बाटल्या लागतील

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं वय ६१ आहे. गेले दहा महिने त्यांच्या हिरड्या लालभडक आहेत. ब्रश लागला की पापुद्रा सुटतो, रक्त येतं, तिखट तर तोंडात घेताच येत नाही. दोनदा दात साफ करून घेतले, बी-कॉम्प्लेक्स झालं, अँटिबायोटिक झालं. पूर्वी त्या मिश्री लावायच्या, ती तीन वर्षांपूर्वी सोडली. चार महिन्यांपूर्वी एका ठिकाणी हिरडीचा तुकडा काढून तपासला, पण रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन' एवढंच आलं. सध्या तोंडात लावायचं स्टेरॉइडचं मलम चालू आहे, थोडा आराम आहे. आता नवे डॉक्टर म्हणतात, पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइडची शंका आहे, बायोप्सी पुन्हा करू. सासूबाई तयार नाहीत. सारखं कापलं तर कॅन्सर होतो, असं शेजारच्या बायका सांगतात. रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का? त्यांना बीपी आहे आणि अ‍ॅस्पिरिन ७५ रोज चालू आहे.
— एक वाचक, सांगोला

उत्तर :

ताई, आधी सासूबाईंच्या भीतीबद्दल. हिरडीचा तुकडा काढल्याने कॅन्सर होत नाही आणि असलेला पसरतही नाही. तुमच्या डॉक्टरांना ज्या दोन आजारांची शंका आहे, ते कॅन्सर नाहीत आणि संसर्गजन्यही नाहीत. त्यांचं ताट-पेला वेगळं ठेवायची गरज नाही, नातवंडांना जवळ घ्यायलाही हरकत नाही.

दुसरी बायोप्सी करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ती पहिल्यासारखीच झाली तर रिपोर्टही पहिल्यासारखाच येईल. तुमच्या पत्रावरून वाटतं की पहिल्या वेळी एकच तुकडा एकाच बाटलीत गेला असावा आणि तोही बहुधा जिथे सगळ्यात जास्त लाल दिसत होतं तिथूनच काढला असावा. या आजारांत नेमकं हेच चुकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे पत्र डॉक्टरांना दाखवलंत तरी चालेल.

हिरड्या लाल होऊन सोलवटतात, त्या अवस्थेला डिस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस म्हणतात. हे आजाराचं नाव नव्हे, नुसतं वर्णन आहे, 'ताप' म्हणावं तसं. यामागे मुख्यतः तीन आजार असतात : लायकेन प्लेनस, म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड आणि पेम्फिगस व्हल्गॅरिस. आरशात तिन्ही सारखेच दिसू शकतात. औषधं आणि धोके मात्र तिघांचे वेगळे आहेत, त्यामुळे अंदाजाने उपचार करून चालत नाही.

शेवटच्या दोघांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. हिरडीच्या वरच्या थराला आम्ही एपिथेलियम म्हणतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेम्फिगसमध्ये विटांमधला सिमेंट सुटतो. डेस्मोग्लीन ३ नावाच्या प्रथिनावर अँटिबॉडीज हल्ला करतात, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि फोड थराच्या आतच येतो. पेम्फिगॉइडमध्ये भिंत अख्खी राहते, पण पायापासून उचलली जाते, म्हणजे फोड थराच्या खाली येतो. हिरडीवरचे फोड जेवताना लगेच फुटतात, त्यामुळे घरच्यांना फोड असे कधी दिसतच नाहीत. दिसतो तो सुटलेला पापुद्रा आणि खालची लाली.

आता तुकडा कुठून घ्यायचा ते. मन सांगतं की जिथे जास्त दुखतंय तिथून घ्या. पण जखमेच्या मध्यात वरचा थर उरलेलाच नसतो. फोड थराच्या आत होता की खाली, हे सांगायला थरच नसेल तर पॅथॉलॉजिस्ट तरी काय सांगणार? त्याला दिसते ती नुसती सूज, आणि तो लिहितो 'नॉन-स्पेसिफिक'. तेवढ्या सामग्रीवर तो रिपोर्ट प्रामाणिकच असतो. म्हणून तुकडा जखमेच्या कडेचा हवा, थोडा लाल आणि थोडा शाबूत दिसणारा, वर थर चिकटलेला.

दाताला लागून असलेली हिरडीची कडा आणि दोन दातांमधलं टोक टाळायचं. तिथे किटणामुळे जवळपास प्रत्येकाला थोडीफार सूज असते आणि ती मूळ आजाराचं चित्र झाकून टाकते. कडेपासून काही मिलिमीटर वर, हाडाला घट्ट चिकटलेली हिरडी त्यासाठी चांगली.

आणि एक महत्त्वाचं. एका तुकड्यावर भागत नाही, दोन लागतात. पहिला साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी, ज्याला एच अँड ई म्हणतात. दुसरा डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे डीआयएफसाठी. पहिल्या तपासणीत भिंत कुठे फुटली ते दिसतं. दुसरीत ती कोणी फोडली ते दिसतं, कारण त्या तुकड्यात अडकलेल्या अँटिबॉडीज चमकणारा रंग जोडून पाहतात. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशा अँटिबॉडीज असतात हे १९६४ साली अमेरिकेत बफेलो इथे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं, आणि तेव्हापासून या आजारांचं निदान या तंत्रावर उभं आहे.

डीआयएफचा तुकडा जखमेतून तर नकोच, जखमेच्या अगदी कडेचाही शक्यतो नको. सूज जिथे जास्त असते तिथे या अँटिबॉडीज नष्ट होतात आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. जखमेजवळची पण निरोगी दिसणारी जागा त्यासाठी उत्तम. घरच्यांना हे पटायला जड जातं : 'चांगल्या जागेचा तुकडा कशाला?' तर अँटिबॉडीज फक्त दुखऱ्या जागी नसतात, चांगल्या दिसणाऱ्या जागेतही बसलेल्या असतात, म्हणून. हिरड्या सगळीकडेच लाल असतील, तर डीआयएफचा तुकडा गालाच्या आतून घ्यावा. तिथे टाका नीट बसतो आणि जखमही लवकर भरते. दुखणं हिरडीचं आहे म्हणून दोन्ही तुकडे हिरडीचेच हवेत, असा हट्ट नको.

कापण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच बरेच नमुने वाया जातात. या आजारांत वरचा थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटायला टेकलेला असतो. ब्लेड नेहमीसारखं ओढत चालवलं की थर त्याच्याबरोबर घसरतो आणि हातात खालचं मांस तेवढं येतं. गोल पंच फिरवून तुकडा काढला तरी पिळामुळे तेच होतं. म्हणून हिरडीसाठी 'स्टॅब अँड रोल' ही पद्धत वापरतात. १५ नंबरच्या ब्लेडचं टोक सरळ आत, हाडापर्यंत टेकवायचं आणि मग ब्लेडची धार पुढे लोळवायची, विळीवर भाजी दाबून चिरावी तशी. ओढायचं नाही, घासायचं नाही. प्रत्येक बाजूला एक छेद. मग तुकडा हाडावरून अलगद उचलायचा.

भुलीचं इंजेक्शन तुकड्याच्या आत टोचू नये, ४ ते ५ मिलिमीटर लांब आजूबाजूला द्यावं. औषध थेट आत गेलं की ऊतींत पाणी भरतं आणि थर तिथेच उचलला जातो. मग खरा फोड कुठला आणि इंजेक्शनचा कुठला, हे कळत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे सहसा २ टक्के लिग्नोकेन आणि त्यात १:८०,००० अ‍ॅड्रिनलिन असतं. बीपी आहे हे आधी सांगा आणि त्या दिवशीचं बीपी मोजून घ्या.

चिमट्याने तुकडा दाबला की पेशी चेंगरतात. दातेरी चिमटा तर नकोच. कडेतून बारीक धागा ओवून तुकडा धाग्याने उचलणं सगळ्यात सुरक्षित. प्रत्येक तुकडा निदान ४ मिलिमीटरचा हवा. एकच मोठा तुकडा काढून नंतर त्याचे दोन भाग करण्यापेक्षा दोन वेगळे तुकडे काढलेले बरे, कारण कापलेला तुकडा पुन्हा कापताना थर सुटायची भीती दुप्पट असते.

आता बाटल्या. इथे मात्र ताई, तुम्ही स्वतः लक्ष घाला.

एच अँड ईचा तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये जातो. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवं, म्हणजे एवढ्याशा तुकड्याला १५-२० मिलिलिटर भरपूर झालं. सुकलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवू नये, कडा वाळतात. कागदाच्या छोट्या तुकड्यावर सपाट ठेवून मग बाटलीत सोडला तर तो वळत नाही आणि प्रयोगशाळेत नीट उभा कापता येतो. तिरका कापला गेला तर थराची खोली चुकीची दिसते.

डीआयएफच्या तुकड्याला फॉर्मालिन लागताच कामा नये. फॉर्मालिन प्रथिनांना बांधून टाकतं, मग चमकणाऱ्या रंगाला चिकटायला जागाच उरत नाही. थोडा वेळ बुडाला तरी तो तुकडा डीआयएफसाठी गेला, नंतर धुऊन उपयोग नाही. म्हणून डीआयएफचा तुकडा आधी काढून त्याच्या बाटलीत टाकायचा, मग दुसरा. फॉर्मालिनमध्ये बुडवलेला चिमटा पुन्हा डीआयएफच्या तुकड्याला लावायचा नाही. नळाचं किंवा डिस्टिल्ड पाणीही चालत नाही, पेशी फुगून फुटतात.

डीआयएफसाठी मिशेल्स मीडियम नावाचं द्रावण असतं. त्यात अमोनियम सल्फेट असतं आणि ते या प्रथिनांना शाबूत ठेवतं. त्यात तुकडा साध्या खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतो. सांगोल्याहून नमुना पुण्याला किंवा मुंबईला जाणार असेल, तर हेच योग्य. ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. ज्या प्रयोगशाळेत तपासणी होणार आहे, तिला आधी फोन करून बाटली मागवून घ्या आणि तिच्यावरची मुदत पाहा. जुन्या द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, बदललेला असतो आणि मग ते प्रथिनांना जपत नाही.

मिशेल्स मीडियम मिळालंच नाही, तर साधं ०.९ टक्के सलाईन चालतं, पण मग तुकडा २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. सलाईनमधली बाटली थंड ठेवायची, पण फ्रीजरमध्ये नाही आणि थेट बर्फावरही नाही. हळूहळू गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि ऊती फाटतात. प्रयोगशाळेत तुकडा गोठवतातच, पण तिथे ते झटकन, योग्य पद्धतीने होतं.

बायोप्सी सोमवार ते बुधवारच्या दरम्यान ठेवा. शुक्रवारी दुपारी काढलेला नमुना रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतो आणि सलाईनमध्ये असेल तर संपलाच.

दोन्ही बाटल्यांवर नाव, वय, तारीख, वेळ आणि तुकडा नेमका कुठला ते लिहिलेलं हवं. 'उजवा गाल, आतून, निरोगी दिसणारी जागा' असं स्पष्ट. नुसतं 'ओरल बायोप्सी' लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट आंधळा. तपासणीच्या अर्जावर दहा महिन्यांचा इतिहास, चालू औषधं, स्टेरॉइडचं मलम, मिश्रीचा इतिहास, डोळ्यांना किंवा अंगावर काही आहे का आणि कोणत्या आजारांची शंका आहे, हे सगळं लिहिलं गेलं पाहिजे. डीआयएफमध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम (हे तिन्ही अँटिबॉडीजचे प्रकार), सी३ आणि फायब्रिनोजेन (ही दोन रक्तातली प्रथिनं) असे पाचही रंग करायला सांगा. फायब्रिनोजेन राहून गेलं तर लायकेन प्लेनसचा पुरावा हातून निसटतो.

रक्ताच्या तपासणीबद्दल तुम्ही विचारलंत. पेम्फिगससाठी ती चांगली आहे. डेस्मोग्लीन १ आणि ३ यांच्यावरच्या अँटिबॉडीज रक्तात मोजणारी एलायझा नावाची तपासणी होते. आजार तोंडापुरता असेल तर बहुतेक वेळा ३ पॉझिटिव्ह आणि १ निगेटिव्ह येतं. पुढे उपचारांचा परिणाम मोजायलाही ती उपयोगी पडते. पण पेम्फिगॉइडमध्ये तोंडापुरत्या आजारात अँटिबॉडीज रक्तात फार कमी असतात आणि बीपी१८० (हा रक्तदाब नव्हे, थराच्या तळाशी असलेल्या एका प्रथिनाचं नाव) याची नेहमीची एलायझा त्या प्रथिनाचा जो भाग तपासते, त्याच्यापेक्षा दुसऱ्याच भागावर त्या अनेकदा बसलेल्या असतात. मग रक्त निगेटिव्ह आणि आजार मात्र आहेच. म्हणून रक्त तपासायला हरकत नाही, पण तुकड्याऐवजी नव्हे.

सासूबाईंची तयारी. अ‍ॅस्पिरिन ७५ स्वतःहून बंद करू नका. एवढ्या छोट्या जखमेचं रक्त दाबून आणि टाक्याने थांबतं, अ‍ॅस्पिरिन बंद केल्याचा धोका त्याहून मोठा. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरोलसारखं रक्त पातळ करणारं औषध असतं, तर आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, पाहावा लागला असता. उपाशीपोटी जायचं नाही, नाश्ता करून जा. त्या दिवशी सकाळी ब्रश हलक्या हाताने. पापुद्रा सुटतो का हे पाहायला हिरडी बोटाने घासू नका, डॉक्टरांनाही एकाच जागी पुन्हा पुन्हा घासू देऊ नका. जिथून तुकडा घ्यायचा, तिथलाच थर निघून जातो.

मलमाबद्दल डॉक्टरांना नक्की सांगा, काही दिवस थांबवायचं की कसं ते तेच ठरवतील. मलमामुळे बायोप्सी अडत नाही. पण निदान होण्याआधी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवडे चालल्या, तर चित्र पुसट होतं. म्हणून तब्येत तातडीची नसेल तर आधी तुकडा आणि मग गोळ्या. गोळ्या आधीच चालू असत्या, तर मात्र बायोप्सीसाठी त्या एकदम बंद करणं धोक्याचं ठरलं असतं.

तुकडा काढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गालाला एखाद-दोन टाके पडतात. हाडाला चिकटलेल्या हिरडीवर टाका नेहमी बसतोच असं नाही, तिथे दाबून रक्त थांबवतात आणि वर पॅक लावतात. ती जागा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. दुखलं तर पॅरासिटामॉल. पहिले २४ तास जोरात चूळ नको, थुंकत राहणं नको, नाहीतर रक्ताची गुठळी सुटते. मऊ भात, गार दही-भात, पातळ मुगाची खिचडी, ताक द्या. भाकरी कुस्करून दुधात भिजवली तर चालेल. ठेचा, चिवडा, शेंगदाणे, गरम चहा आठवडाभर बाजूला. मिश्री सुटली आहे, ती सुटलेलीच राहू द्या. जखम दुखते म्हणून 'एकदाच लावते' असं होतं, आणि भाजलेल्या तंबाखूच्या त्या भुकटीने जखमही भरत नाही आणि पुढच्या तपासणीत हिरडीचं चित्रही गढूळ होतं.

रिपोर्ट आला की हे पाहा. डीआयएफमध्ये दोन पेशींच्या मधल्या जागेत आयजीजी आणि सी३ची, मासे पकडायच्या जाळीसारखी चमक असेल आणि एच अँड ईमध्ये खालच्या पेशींची रांग तळाला चिकटून बाकी वर सुटलेलं असेल, तर पेम्फिगस. थराच्या तळाशी आयजीजी, सी३, कधी आयजीए यांची एकसंध सरळ रेघ असेल आणि अख्खा थर उचललेला असेल, तर पेम्फिगॉइडच्या गटातला आजार. या गटात आणखी काही भावंडं आहेत, त्यामुळे नुसत्या रेघेवर नाव ठरत नाही. तपासणीतली लक्षणं जोडून पाहावी लागतात, कधी सॉल्ट-स्प्लिट नावाची पुढची चाचणी करावी लागते. तळाशी फायब्रिनोजेनची फाटक्या झालरीसारखी पट्टी आणि थराखाली लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाट पट्टी असेल, तर लायकेन प्लेनस.

आणि निगेटिव्ह आलं तर? पेम्फिगसमध्ये, नमुना नीट घेतला असेल, तर निगेटिव्ह डीआयएफला बरंच वजन आहे. पेम्फिगॉइडमध्ये तितकं नाही. तिथे एका जागी न सापडलेली रेघ दुसऱ्या जागी सापडते, म्हणून शंका कायम असेल तर दुसऱ्या जागेचा तुकडा पुन्हा घेणं योग्यच असतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्यांदा विचारलं तर फसवल्यासारखं वाटणार नाही. रिपोर्टमध्ये 'एपिथेलियम दिसत नाही' किंवा 'नमुना अपुरा' असं लिहिलं असेल, तर ते निगेटिव्ह नव्हे, तपासणी झालीच नाही असं समजा.

पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा (तुकडा त्यातच बसवून ठेवतात) आणि काचपट्ट्या त्या प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्यांच्याकडे त्या बहुधा जपून ठेवलेल्या असतात. त्याच ठोकळ्यातून आणखी खोल काप घेऊन पाहता येतात, आणि कधीकधी कडेला थराचा उरलेला तुकडा सापडतो. डीआयएफ त्यावर होणार नाही, पण ओरल पॅथॉलॉजिस्टने पुन्हा पाहायला हरकत काय? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ओरल पॅथॉलॉजीचे विभाग आहेत. डीआयएफ कुठे होतं हे तिथे विचारा, आणि त्वचारोगतज्ज्ञांनाही सोबत घ्या, कारण पुढचे उपचार बहुतेक तेच करतील.

बायोप्सीची तारीख मिळेपर्यंत एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. सासूबाईंचे डोळे लाल होतात का, वाळू गेल्यासारखं खुपतं का, पापण्यांचे केस आत वळलेत का, हे आज विचारा. पेम्फिगॉइड डोळ्यांत शिरलं तर पापणीच्या आतल्या आणि डोळ्यावरच्या पातळ अस्तरावर वण पडत जातात आणि पापणी बुबुळाकडे ओढली जाते. गेलेली नजर नंतर परत आणता येत नाही. आवाज घोगरा झाला असेल, गिळताना अडकत असेल, अंगावर फोड उठले असतील किंवा वजन उतरत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता दाखवा. आणि यातलं काहीच नसलं तरी नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट-लॅम्पवर, म्हणजे डोळे मोठे करून पाहायच्या यंत्रावर, एकदा तपासून घ्या. त्यासाठी बायोप्सीच्या रिपोर्टची गरज नाही, या आठवड्यातच जाता येईल.